पब्लिश केलं की व्हिडिओ गायब? परत पब्लिश मारायच्या आधी हे बघा

ई-लर्निंगचा कोर्स बनवला, प्रिव्ह्यूमध्ये सगळं झकास. पब्लिश केलं, झिप एलएमएसवर, म्हणजे क्लायंटचे लोक जिथे कोर्स उघडतात त्या ट्रेनिंगच्या सिस्टीमवर, चढवली, स्वतः एकदा उघडून बघितलं, तिथेही चाललं, मग निवांत विरार फास्ट पकडली आणि बोरिवली यायच्या आत क्लायंटचा मेसेज, "स्लाइड सात का व्हिडिओ ब्लँक आ रहा है, प्लीज चेक."

आमच्याकडे हे महिन्यातून दोन-तीनदा ठरलेलं. मी अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत ई-लर्निंग मॉड्यूल बनवणाऱ्या कंपनीत आहे, जास्त करून स्टोरीलाइन, कधीतरी कॅप्टिव्हेट, ही दोन्ही कोर्स बनवायची सॉफ्टवेअर, आणि अधूनमधून हाताने लिहिलेलं एचटीएमएल. मीडिया दिसत नाही असं कळलं की टीममधला प्रत्येक माणूस पहिल्यांदा काय करतो तर परत पब्लिश. नाही चाललं तर व्हिडिओ काढून परत टाकून पब्लिश. तरी नाही तर सॉफ्टवेअर अपडेट करून पब्लिश. मीही कित्येक वर्षं हेच करायचो, रात्री साडेदहापर्यंत बसून. हे म्हणजे नळाला पाणी येत नाही म्हणून नळ बदलत बसायचं, आणि टाकीत पाणी आहे का, मधला वॉल्व्ह कोणी बंद केलाय का, हे बघायचंच नाही.

तर प्रश्न तीनच आहेत. फाइल लर्नरच्या, म्हणजे कोर्स करणाऱ्याच्या, ब्राउझरपर्यंत पोचतेय का? पोचली असेल तर ब्राउझर ती चालवायला तयार आहे का? आणि तयार असेल तर फाइलच धड आहे का? यातला कुठला प्रश्न आहे ते कळल्याशिवाय पब्लिश बटणाला हात लावायचा नाही, असा नियम मी स्वतःला घातलाय आणि आता ज्युनियर लोकांनाही घालतो.

आणि ते कळतं एफ१२ दाबून. क्रोम किंवा एजमध्ये कोर्स उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्क नावाचा टॅब उघडा, 'डिसेबल कॅश' वर टिक करा, म्हणजे ब्राउझर आधी साठवून ठेवलेली जुनी फाइल वापरणार नाही, आणि मग ती स्लाइड परत उघडा. पॅनल उघडायच्या आधी झालेल्या रिक्वेस्ट त्यात दिसत नाहीत, त्यामुळे आधी पॅनल आणि मग स्लाइड, हा क्रम चुकवू नका. कोर्स नव्या खिडकीत उघडत असेल तर एफ१२ त्या नव्या खिडकीत दाबायचं, एलएमएसच्या मागच्या पानावर नाही, ही चूक मी स्वतः केलीय आणि अर्धा तास "एररच नाही" म्हणून बसलोय.

आता तिथे स्टेटसच्या रकान्यात काय आकडा आलाय ते बघा. ४०४ म्हणजे सर्व्हर म्हणतोय अशी फाइल माझ्याकडे नाही. ४०३ म्हणजे आहे पण तुला देणार नाही. २०० किंवा २०६ म्हणजे फाइल दिली, २०६ तर व्हिडिओसाठी चांगलंच लक्षण, कारण सर्व्हर तुकड्यातुकड्याने देतोय. लाल अक्षरात 'ब्लॉक्ड' आलं असेल तर फाइल मधेच कोणीतरी अडवली, बहुतेक वेळा ब्राउझरने स्वतः किंवा एखाद्या अॅड ब्लॉकरने. एवढं बघितलं तरी निम्मं काम झालं.

पण २०० दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका, इथे एक भारी चकवा आहे. एका क्लायंटकडे कोर्स सुरू झाल्यावर पहिली वीसेक मिनिटं सगळं चालायचं आणि मग पुढच्या स्लाइडवरची चित्रं आणि आवाज एकदम बंद. नेटवर्क टॅबमध्ये सगळीकडे २०० आणि हिरवंगार. आमची टेस्टिंगवाली मुलगी म्हणाली, "दादा, इमेज चार केबीची कशी काय, आपण तर तीनशे केबीची टाकली होती." मग शेजारचा टाइपचा रकाना बघितला तर तिथे इमेजच्या जागी चक्क एचटीएमएल. झालं होतं असं, की एलएमएसचा लॉगिन सेशन मधेच संपत होता, आणि त्यानंतर कोर्सने मागितलेल्या प्रत्येक चित्राला सर्व्हर लॉगिनचं पान पाठवून देत होता, तेही २०० या यशस्वी शिक्क्यासकट. ब्राउझर बिचारा लॉगिन पानाचं चित्र कसं दाखवणार. आम्ही तोपर्यंत चार वेळा पब्लिश केलं होतं. उपाय आमच्याकडे नव्हताच, त्यांच्या आयटीने सेशनचा टाइमआउट वाढवला आणि प्रश्न मिटला. म्हणून आकड्यासोबत फाइलचा टाइप आणि साइज हे दोन रकाने पण बघत जा.

४०४ असेल तर मात्र बहुतेक वेळा दोष आपलाच असतो. स्टोरीलाइन स्वतः जे मीडिया पब्लिश करतं त्यांची नावं ते स्वतःच ठरवतं, त्यात सहसा गडबड होत नाही. गडबड होते ती वेब ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे आपण बाहेरून जोडलेला जो एचटीएमएलचा फोल्डर असतो त्यात, किंवा हाताने बनवलेल्या कोर्समध्ये. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल सारखंच वाटतं, लिनक्सला नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या व्हिडिओच्या एक्स्टेन्शनमधला एमपी४ बऱ्याचदा कॅपिटलमध्ये असतो, कोडमध्ये आपण लिहितो स्मॉलमध्ये, आपल्या पीसीवर मस्त चालतं, आणि क्लायंटचा सर्व्हर लिनक्सचा असला की ४०४. आमच्याकडे आता नियमच आहे, सगळी नावं स्मॉलमध्ये, स्पेस नाही, कंस नाही, अँड आणि हॅशची चिन्हं नाहीत. हॅश तर फारच वाईट, कारण पत्त्यात हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही.

आणि हो, फाइलला मराठीत नाव देऊ नका. आपल्या भाषेचं प्रेम वगैरे सगळं बरोबर आहे, पण कोर्समधला मजकूर मराठीत ठेवा, फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवा. झिप करताना एका सॉफ्टवेअरने नाव एका पद्धतीने लिहिलं आणि सर्व्हरवर उघडणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने वाचलं की 'सुरक्षा भाग १' चं काहीतरी अगम्य चिन्हांचं कडबोळं होतं आणि मग कोर्सला ती फाइल सापडत नाही. हे तर निदान डोळ्यांना दिसतं. त्याहून डेंजर प्रकार एका सरकारी ट्रेनिंगच्या कोर्समध्ये झाला, फाइलच्या नावात 'कर्मचाऱ्यांसाठी' असा शब्द होता, सर्व्हरवर नाव एकदम बरोबर दिसत होतं, कोडमध्येही बरोबर दिसत होतं, तरी ४०४. दोन तास गेले. शेवटी कळलं की तो 'ऱ्या' दोन पद्धतीने टाइप होतो, एक नुक्तावाला ऱ घेऊन आणि दुसरा साधा र घेऊन त्याच्यानंतर एक न दिसणारं जोडणारं चिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सेम, कम्प्युटरला दोन वेगळे शब्द. ज्याने फाइल बनवली त्याचा कीबोर्ड वेगळा आणि ज्याने कोड लिहिला त्याचा वेगळा. तेव्हापासून मराठी नावं बंद.

झिपचं एक पटकन सांगून टाकतो. स्कॉर्म पॅकेज म्हणजे एलएमएसला कळेल अशा ठरलेल्या पद्धतीने बांधलेली कोर्सची झिप, त्यातली आयएमएस मॅनिफेस्ट ही फाइल झिप उघडल्या उघडल्या समोर दिसली पाहिजे. फोल्डरमधल्या सगळ्या फाइल सिलेक्ट करून झिप करा, बाहेरून फोल्डरवर राइट क्लिक करून झिप केलं की आत एक फोल्डर जास्तीचा येतो आणि एलएमएस तरी नकार देतं किंवा अर्धवट घेतं. आणि पब्लिश करताना आउटपुट डेस्कटॉपवरच्या सतरा फोल्डरच्या आत, 'फायनल', त्यात 'फायनल नवीन', त्यात 'फायनल क्लायंट चेंजेस', असं नका ठेवू, विंडोजमध्ये पूर्ण पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, खोल फोल्डरात काही फाइल झिपमध्ये जातच नाहीत किंवा उघडताना गळतात. सी ड्राइव्हवर थेट छोट्या नावाचा फोल्डर करा. प्रोजेक्टची फाइलही लोकल ड्राइव्हवर ठेवूनच काम करा, नेटवर्क ड्राइव्हवर किंवा क्लाउडला सिंक होणाऱ्या फोल्डरात नको, सिंक चालू असताना पब्लिश केलं की काय अर्धवट राहील सांगता येत नाही.

४०४ चा अजून एक प्रकार आहे ज्यात फाइल सर्व्हरवर नीट असते, नाव बरोबर असतं, तरी ४०४. हे मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरवर होतं. त्याला ज्या एक्स्टेन्शनचा माइम टाइप, म्हणजे ही फाइल कुठल्या प्रकारची ते सांगणारं लेबल, माहीत नाही ती फाइल तो देतच नाही, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ते ४०४.३ म्हणून दिसतं. जुन्या आयआयएसवर एमपी४ ची हीच गंमत व्हायची, आजही नवीन प्रकारच्या फॉन्टला, वेबपी चित्रांना किंवा सबटायटलच्या व्हीटीटी फाइलला कुठे कुठे होते. क्लायंटच्या आयटीला मेल करताना "व्हिडिओ दिसत नाही" असं लिहू नका, कारण ते उघडून बघतील, त्यांच्या दुसऱ्या कोर्समधला व्हिडिओ दिसत असेल, आणि ते "इश्यू फ्रॉम व्हेंडर साइड" म्हणून तिकीट बंद करतील. असं लिहा, की या पत्त्यावर या वेळी ही फाइल मागितली, ४०४ आलं, फाइल सर्व्हरवर आहे, कृपया या एक्स्टेन्शनचा माइम टाइप तपासा. सोबत नेटवर्क टॅबचा स्क्रीनशॉट. असा मेल गेला की आयटीतले सर पण एकदम वेगळ्या सुरात बोलतात, अनुभव आहे.

आता दुसरा प्रश्न, फाइल पोचलीय पण ब्राउझर चालवत नाही. यात सगळ्यात जास्त तक्रार ऑटोप्लेची. "मॅडम म्हणतायत पहिल्या स्लाइडचा व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही." नाहीच होणार. क्रोमने २०१८ मध्ये हे बंद केलं, लर्नरने पानावर कुठेतरी क्लिक किंवा टॅप केल्याशिवाय आवाजासकट काही वाजणार नाही, सफारीने त्याच्या आदल्या वर्षीच सुरुवात केली होती. आवाज म्यूट असेल तर चालतं. तुमच्या पीसीवर चालतं कारण एकतर तुम्ही एलएमएसवर आधीच पन्नास क्लिक करून तिथे आला आहात किंवा तुम्ही त्या साइटवर इतके व्हिडिओ बघितलेत की क्रोम तुम्हाला ओळखतो, हो, क्रोम खरंच असा हिशोब ठेवतो. नव्या लर्नरला ती सवलत नाही. याच्यावर कोडने कुस्ती खेळण्यात अर्थ नाही, पहिल्या स्लाइडवर 'सुरू करा' असं ठसठशीत बटण द्या, त्या क्लिकने परवानगी मिळते आणि प्रश्न संपतो. क्लायंट म्हणेल बटण कशाला, तर शांतपणे समजवा.

आयफोनवाल्यांचं अजून वेगळं. लो पॉवर मोड चालू असेल तर म्यूट व्हिडिओसुद्धा आपोआप सुरू होत नाही, आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये ज्याचा त्याचा फोन लो पॉवरवरच असतो. आवाजाचं म्हणाल तर काही कोर्समध्ये आवाज अशा पद्धतीने वाजवलेला असतो की आयफोन सायलेंटवर असला तर तो ऐकूच येत नाही, आणि त्याच कोर्समधल्या व्हिडिओचा मात्र येतो. मग तक्रार येते "काही स्लाइडला आवाज आहे, काहीला नाही", आणि आपण इकडे ऑडिओ फाइली तपासत बसतो. आधी विचारा, फोन सायलेंटवर आहे का. बऱ्याचदा असतो.

ब्राउझर अडवतो असं अजून एक ठिकाण म्हणजे मिक्स्ड कंटेंट. एलएमएस एचटीटीपीएसवर आणि तुम्ही वेब ऑब्जेक्टमध्ये जोडलेलं पान साध्या एचटीटीपीवर असलं तर तिथे नुसता पांढरा चौकोन. पत्त्यातल्या एचटीटीपीला एस लावून बघा, नसेल चालत तर ते पान तसं जोडताच येणार नाही. आणि काही साइट स्वतःच दुसऱ्याच्या चौकटीत दिसायला नकार देतात, तिथे "रिफ्यूज्ड टू कनेक्ट" असं येतं, बँकांच्या आणि सरकारी साइट बहुतेक अशाच, आणि ते योग्यच आहे. तिथे लिंक द्या, नव्या टॅबमध्ये उघडू दे.

इथेच इन्कॉग्निटोबद्दल बोलतो. सगळे सांगतात इन्कॉग्निटोमध्ये चेक करा. जुन्या कॅशचा संशय असेल तर बरोबर आहे, म्हणजे नवीन झिप चढवली तरी जुनंच चित्र दिसतंय वगैरे. पण क्रोमचा इन्कॉग्निटो थर्ड पार्टी कुकी, म्हणजे दुसऱ्या डोमेनने तुमची ओळख लक्षात ठेवायला ब्राउझरमध्ये ठेवलेली नोंद, डिफॉल्टने अडवतो, आणि काही एलएमएसमध्ये लॉगिन एका डोमेनवर आणि कोर्सच्या फाइली दुसऱ्या डोमेनवर असतात, तिथे इन्कॉग्निटोमध्ये चांगला कोर्सही फुटका दिसतो. म्हणजे रोग नव्हता, तपासणीनेच लावला. माझा कल नेहमी दुसऱ्या प्रोफाइलमध्ये उघडून बघण्याकडे असतो.

एक टेस्ट मात्र मी कधीच सोडत नाही, हॉटस्पॉट. ऑफिसच्या नेटवर व्हिडिओ काळा, तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला आणि व्हिडिओ चालला, तर विषय संपला, मधल्या प्रॉक्सीने किंवा फायरवॉलने, म्हणजे ऑफिसच्या नेटवरच्या पहारेकऱ्याने, अडवलंय. बीकेसीतल्या फायनान्सवाल्यांकडे यूट्यूब बंद असतं हे आता तोंडपाठ झालंय, तरी दर वेळेस कोणीतरी कोर्समध्ये यूट्यूबचा व्हिडिओ जोडतंच. एमपी४ कोर्सच्या आत टाका, बात खतम. हॉटस्पॉटवर पण नाही चाललं तर मग कोर्सकडे किंवा एलएमएसकडे बघा.

मोठ्या कंपन्यांत अजून एक भूत आहे, एजचा आयई मोड. इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये रिटायर झाला, पण जुन्या इंट्रानेट साइटसाठी एजमध्ये त्याची खोली अजून राखून ठेवलीय, आणि आयटीने एलएमएसचा पत्ता कधीकाळी त्या यादीत टाकलेला असतो. मग कोर्स एजमध्ये उघडलाय असं वाटतं पण आत इंजिन जुनं. ओळखायची खूण सोपी, पत्त्याच्या डाव्या बाजूला जुन्या एक्स्प्लोररचा छोटा ई दिसतो. तो दिसला की आयटीला सांगून पत्ता यादीतून काढा, आजचे कोर्स तिथे नीट चालतील ही आशाच सोडा. फ्लॅशचे जुने कोर्स घेऊन अजूनही कोणी येतं, "फक्त तेवढं चालू करून द्या" म्हणत. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. चालू करण्यासारखं काही उरलं नाही, परत बनवावं लागेल, कोटेशन देतो.

आता तिसरा प्रश्न, फाइलच धड नाही. इथे लक्षणं वाचायला शिका. आवाज येतोय पण चित्र काळं, तर डोळे झाकून कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, बघा. क्लायंटच्या एचआर मॅडमनी सीईओंचा संदेश आयफोनवर शूट करून पाठवला असेल तर तो बहुतेक एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ मध्ये असणार, आयफोनमध्ये २०१७ पासून ते आलंय. तुमच्या नव्या लॅपटॉपवर दिसतो, कारण हार्डवेअरची साथ आहे, आणि शाखेतल्या जुन्या पीसीवर नुसता काळा पडदा आणि मागून सीईओंचा आवाज. आकाशवाणीच. फाइलचं एक्स्टेन्शन बघून काही कळत नाही, एमपी४ हा नुसता डबा आहे, आत भाजी कुठली ते डबा उघडूनच कळणार. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ लावून कंट्रोल जे दाबा, कोडेक दिसतो. एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी ऑडिओ असेल तर सगळीकडे चालतं, बाकी काहीही असेल तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून बदलून काढा, फुकट आहे.

हँडब्रेकमध्ये काढताना 'वेब ऑप्टिमाइज्ड' वर टिक करा. याचं कारण असं, की एमपी४ मध्ये कुठला तुकडा कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते, आणि बरीच सॉफ्टवेअर ती फाइलच्या शेवटी ठेवतात. पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर, आणि पुस्तक पोस्टाने एकेक पान येतंय, अशी अवस्था. सर्व्हर तुकडे द्यायला तयार असेल तर ब्राउझर हुशारीने आधी शेवटचा भाग मागून घेतो, नसेल तर पूर्ण फाइल उतरेपर्यंत गोल गोल चाक फिरत राहतं. दोनशे एमबीचा व्हिडिओ आणि लोकलच्या दारात उभं राहून मिळणारं नेटवर्क, लर्नर म्हणणार व्हिडिओ चालतच नाही. त्या टिकने अनुक्रमणिका पुढे येते, व्हिडिओ लगेच सुरू होतो. आयफोनला तर सर्व्हरने तुकड्यांत देणं लागतंच, नाही दिलं तर व्हिडिओ सुरूच होत नाही, त्यामुळे 'अँड्रॉइडवर चालतंय, आयफोनवर नाही' असं असेल तर २०६ येतंय का ते बघा.

हँडब्रेकमध्येच फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, 'कॉन्स्टंट' करून घ्या. फोनवर शूट केलेल्या व्हिडिओचा फ्रेम रेट कमीजास्त होत राहतो, आणि पब्लिश झाल्यावर शेवटाकडे ओठ एक बोलतात आणि आवाज दुसराच. आणि प्लीज, व्हॉट्सअॅपवरून आलेला व्हिडिओ कोर्समध्ये टाकू नका, तो आधीच चोळामोळा होऊन आलेला असतो, ओरिजिनल ड्राइव्हवर मागवा.

चित्रांमध्ये एवढं भांडण नसतं. आयफोनचे एचईआयसी फोटो जेपीजी करून घ्या, क्रोम ते दाखवत नाही. छपाईवाल्यांकडून आलेला लोगो सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत असतो, स्क्रीनवर भलताच रंग येतो आणि ब्रँडिंगवाले चिडतात, स्क्रीनच्या आरजीबी पद्धतीत करून घ्या. एसव्हीजी दिसत नसेल तर परत माइम टाइप. बस.

पब्लिश केलेला फोल्डर उघडून त्यातल्या एचटीएमएलवर डबल क्लिक करून टेस्ट करणाऱ्यांसाठी, तसं करू नका. पत्त्यात सुरुवातीला फाइल असं दिसतं तेव्हा ब्राउझर सुरक्षेसाठी बऱ्याच गोष्टी अडवतो, त्यामुळे तिथे नाही चाललं याचा अर्थ बिघडलंय असं नाही, आणि तिथे चाललं याचा अर्थ सर्व्हरवर चालेल असंही नाही, विंडोजचं कॅपिटल-स्मॉलचं प्रकरण आठवा. स्कॉर्म क्लाउड या कोर्स तपासायच्या साइटवर चढवून बघा. तिथे चाललं आणि क्लायंटच्या एलएमएसवर नाही, तर बोलणी त्यांच्याशी. वेब ऑब्जेक्टचा नुसता एचटीएमएल तपासायचा असेल तर व्हीएस कोडचं लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन पुरतं.

सबटायटलची तक्रार आली तर मराठी कोर्सवाल्यांनी एकच गोष्ट आधी बघायची, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कुठल्या पद्धतीने साठवलीत ते. व्हीटीटी फाइल यूटीएफ-८ मध्येच असावी लागते, पहिल्या ओळीत वेबव्हीटीटी हा शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लागतो, आणि वेळेत सेकंदांनंतर टिंब लागतं, एसआरटी या सबटायटलच्या दुसऱ्या प्रकारासारखा स्वल्पविराम नाही. नुसतं एक्स्टेन्शन बदलून एसआरटीची व्हीटीटी होत नाही. ट्रान्सलेटरने जुन्या नोटपॅडमध्ये 'एएनएसआय' म्हणून सेव्ह केलं असेल तर स्क्रीनवर नुसती प्रश्नचिन्हं येतात, आणि प्रश्नचिन्हं आली म्हणजे मूळ अक्षरं गेलीच, एन्कोडिंग बदलून परत येत नाहीत, फाइल परत मागवा. प्रश्नचिन्हांऐवजी कसलीतरी विचित्र अक्षरं दिसत असतील तर आशा आहे, मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय, यूटीएफ-८ म्हणून उघडून सेव्ह करा. जुन्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये, म्हणजे युनिकोड नसलेल्या, मजकूर आला असेल तर तो युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा आणि मग 'क्ष', 'ज्ञ', रफार सगळं एकदा वाचून घ्या. कन्व्हर्टर रफार हमखास चुकवतात.

एवढं सगळं दर वेळी करायला कोणाला वेळ आहे, म्हणून आम्ही आता एक छोटं टेस्ट पॅकेज करून ठेवलंय. एकच स्लाइड, त्यात एक जेपीजी, एक पीएनजी, एक एसव्हीजी, दहा सेकंदांचा व्हिडिओ, एक एमपी३, एक मराठी सबटायटलची फाइल आणि एक छोटा वेब ऑब्जेक्ट. नवीन क्लायंट आला की कोर्स बनवायला घ्यायच्या आधीच ते त्यांच्या एलएमएसवर चढवायचं आणि जिथे लर्नर बसणार तिथल्याच एका पीसीवर उघडायला सांगायचं, हेड ऑफिसच्या नव्या लॅपटॉपवर नाही. काय चालत नाही ते तिथेच कळतं, आणि भांडण डेडलाइनच्या आधी होतं.

मागच्या महिन्यात असंच एका फायनान्स कंपनीला ते पाठवलं, त्यांच्या डोंबिवलीच्या शाखेत उघडलं. फोनवर शाखेतले काका म्हणाले, "चित्रं दिसतायत, व्हिडिओ हलतोय, आवाज नाही." एफ१२ दाबायला लावलं, सगळीकडे २०० आणि २०६. टाइप बरोबर, साइज बरोबर. सायलेंट नाही, टॅब म्यूट नाही, व्हॉल्यूम फुल. अर्धा तास मी इकडे डोकं खाजवतोय आणि ते तिकडे धीराने एकेक क्लिक करतायत. शेवटी काका म्हणाले, "साहेब, आमच्या पीसींना स्पीकर नाहीयेत हो, कस्टमरला त्रास नको म्हणून काढून टाकलेत, मला वाटलं तुमचा आवाज डायरेक्ट स्क्रीनमधून येतो."

कोर्स सबटायटलवर केला.